थंडीसाठी फवारणी नको: काजू, आंबा, वायंगण भात आणि कलिंगडाचा सल्ला

गेल्या आठ-दहा दिवसांत गोव्यातल्या सत्तरी, डिचोली, धारबांदोडा आणि पेडण्यातून कृषी कार्यालयात जे फोन आले, त्यातल्या निम्म्याहून अधिक फोनवर एकच प्रश्न होता: "साहेब, थंडी पडली, आता काय मारू?" सगळ्यांना एकच उत्तर देतो. थंडीसाठी काहीही मारू नका. थंडी हा रोग नाही, त्यामुळे तिच्यावर औषधही नाही. दुकानातून थंडीचं म्हणून जी बाटली हातात दिली जाते ती टॉनिकची असते आणि तिचा फायदा दुकानालाच होतो.

आधी हवामान. उत्तर भारतात पश्चिमी विक्षोभ (पश्चिमेकडून येणारी ढग-पावसाची प्रणाली) येऊन गेला की मागून कोरडे उत्तरेकडचे वारे खाली सरकतात. आकाश निरभ्र असतं, जमिनीची उष्णता रात्री वर निघून जाते आणि पहाटे पारा उतरतो. पणजीत जानेवारीत किमान तापमान एरवी 20 अंशांच्या आसपास असतं. सत्तरी, सांगे, धारबांदोडा हे तालुके समुद्रापासून दूर आणि सह्याद्रीच्या पायथ्याशी आहेत. तिथे डोंगरावरची थंड हवा रात्री ओहोळांच्या कडेने कुळागरांत (पोफळीच्या बागांत) येऊन बसते. म्हणून बातमीत पणजीचा आकडा ऐकून सत्तरीतल्या वाळपईचा अंदाज बांधू नका. हवामान खात्याच्या निकषानुसार किनाऱ्यावर थंडीची लाट म्हणायची, तर किमान तापमान 15 अंश किंवा त्याखाली गेलेलं हवं आणि ते सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी कमी हवं. आपल्याकडे असं क्वचितच होतं. दुपारी पारा पुन्हा 32-33 वर जातो. अशी थंडी साधारण चार-पाच दिवस टिकते. मग वारा फिरतो, ढग येतात आणि रात्री ऊबदार होतात. तुमचं खरं काम त्या ढगांपासून सुरू होतं. थंडीत कीड सुस्तावते, ढगाळ हवेत वाढते.

दर मंगळवारी आणि शुक्रवारी कृषी हवामान सल्ला निघतो. जुने गोवे येथील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेतून तो गोव्यासाठी तयार होतो आणि 'मेघदूत' ॲपवर पुढच्या पाच दिवसांचा अंदाजही मिळतो. पंप भरण्याआधी तो बघा. नाशिक-निफाडकडचे व्हॉट्सॲप संदेश पुढे पाठवणं बंद करा. तिथे पारा कधी कधी पाच अंशांखाली जातो, द्राक्षवेली करपतात, म्हणून ते लोक शेकोट्या पेटवतात, धूर करतात. आपल्याकडे हिम पडत नाही.

प्रश्न, सत्तरीतील काजू बागायतदार: "नवी पालवी आणि मोहोर एकत्र आलाय. शेंडे काळे पडून सुकतात. दुकानदार म्हणतो थंडीने जळाले, तीन औषधं एकत्र मारा."

थंडीने काजूचे शेंडे जळत नाहीत. उलट या कोरड्या, गार हवेत काजूला मोहोर चांगला येतो. तुमच्या शेंड्यावर टी मॉस्किटो बसलाय, म्हणजे ढेकण्या. खात्री कशी करायची ते सांगतो. सकाळी आठच्या आत बागेत जा. तेव्हा दवाने तो जड असतो आणि लगेच उडत नाही. कोवळा शेंडा उलटा करून बघा. देठावर लांबट, तपकिरी-काळे चट्टे दिसतील. ताज्या चट्ट्यातून डिंकाचा बारीक थेंब आलेला असतो. कीटक डासाएवढाच, तांबूस-काळसर. पाठीवर टाचणी उभी केल्यासारखा एक काटा असतो, तो दिसला की संशय उरत नाही. त्याने सोंड खुपसली की त्या जागेतून बुरशी आत शिरते आणि अख्खा मोहोर वाळतो. दूरून बघणाऱ्याला बाग भाजल्यासारखी वाटते आणि दोष थंडीला मिळतो.

वीस झाडं फिरा. प्रत्येक झाडाचे चारही बाजूंचे शेंडे बघा. ताजे चट्टे दिसत असतील तरच फवारा. पालवीच्या वेळी लॅम्ब्डा सायहॅलोथ्रिन 5 टक्के, 10 लिटर पाण्याला 6 मिली. दुसरी फवारणी मोहोर फुटताना, आणि तेव्हा औषध बदला: प्रोफेनोफॉस 50 टक्के, 10 लिटरला 10 मिली. तिसरी फळधारणेच्या वेळी, आणि तीही कीड असेल तरच, आम्हाला विचारून. एकच औषध तीनदा मारू नका.

आता त्या 'तीन औषधं एकत्र' बद्दल. डिसेंबरात सत्तरीतल्याच एका बागेत गेलो होतो. बागायतदाराने 16 लिटरच्या पंपात कीटकनाशक, बुरशीनाशक आणि टॉनिक, तिन्ही दुकानदाराच्या सांगण्यावरून ओतली होती. माप बाटलीच्या बुचाने, आणि 'झाड मोठं आहे' म्हणून दोन बुचं. चौथ्या दिवशी कोवळ्या पानांच्या कडा करपल्या, मोहोर गळला आणि झाडाखाली मेलेल्या मधमाश्या पडल्या होत्या. ढेकण्या मात्र शेजारच्या न फवारलेल्या झाडांवरून पुन्हा आला. त्या बागेचं या वर्षीचं पीक गेलं.

म्हणून पुन्हा सांगतो. बुचाने माप घेऊ नका, प्रत्येक कंपनीचं बूच वेगळं असतं. मेडिकलच्या दुकानातून दहा मिलीची सिरिंज आणा आणि ती फक्त याच कामाला ठेवा. 16 लिटरच्या पंपाला लॅम्ब्डा साडेनऊ मिलीच्या थोडं वर, म्हणजे दहाच्या आतच. झाड मोठं असेल तर पाणी जास्त लागेल, औषधाची तीव्रता तीच राहील. मात्रा दुप्पट केल्याने कीड दुप्पट मरत नाही.

वेळ संध्याकाळी चारनंतरची. सकाळी पानावर दव असतं, औषध पातळ होऊन खाली गळतं. दहा-अकरानंतर फुलांवर माश्या आणि मधमाश्या येतात आणि काजूचं परागीभवन त्यांच्यावरच आहे. दुकानदार सांगतो, सकाळी गारव्यात मारा. ऐकू नका.

झाडावर पानं शिवून घरटी करणाऱ्या तांबड्या मुंग्या असतील तर त्या मारू नका. काजू गोळा करताना त्या चावतात, मला माहीत आहे. पण त्या ढेकण्याला खातात. ज्या झाडावर त्यांची घरटी असतात तिथे ढेकण्याचा त्रास कमी दिसतो.

आणि एक लक्षात ठेवा, काजूचं बोंड आपण टाकून देत नाही. मुलं ते झाडाखालीच खातात, बाकीचं मळून त्याची दारू, म्हणजे हुर्राक आणि फेणी, होते. बोंडं रंगायला लागली की फवारणी पूर्ण बंद. केरळात कासरगोडच्या काजू बागांवर वर्षानुवर्षं एंडोसल्फान फवारलं आणि तिथल्या माणसांनी काय भोगलं ते देशाने पाहिलं. सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये त्यावर बंदी घातली. आजही कोणी 'जुना माल आहे, जोरदार आहे' म्हणून काही देऊ लागला तर घेऊ नका, आणि बिलाशिवाय तर काहीच घेऊ नका.

प्रश्न, डिचोलीतील मानकुराद आंब्याचे बागायतदार: "यंदा मोहोर भरपूर. पण थंडी चालूच राहिली तर दुसरा मोहोर येऊन पहिली फळं गळतील का?"

हा प्रश्न बरोबर आहे. गार रात्री लांबल्या की त्याच फांदीवर पुन्हा मोहोर येतो, झाडाची ताकद नव्या मोहोराकडे वळते आणि वाटाण्याएवढी फळं गळतात. उपाय जिबरेलिक आम्लाचा, 50 पीपीएम, म्हणजे 20 लिटर पाण्याला 1 ग्रॅम. पहिली फवारणी पुरेसा मोहोर आल्यावर, दुसरी फळं वाटाण्याएवढी झाल्यावर. शुद्ध पावडर पाण्यात विरघळत नाही. आधी थोड्या स्पिरिटमध्ये विरघळवा, मग पाण्यात घाला. ग्रॅमचा हिशेब चमच्याने होत नाही, सोनाराच्या तराजूवर मोजून पुड्या करून घ्या.

दुकानदार याच दिवसांत पॅक्लोब्युट्राझोलही विकतो, 'मोहोर पक्का होईल' म्हणून. ते पावसाळ्यात, जुलै-ऑगस्टमध्ये मुळांशी द्यायचं औषध आहे. मात्रा झाडाच्या घेराच्या व्यासानुसार ठरते, मीटरला 3 मिली. आता मोहोर आल्यावर दिलं तर पैसा मातीत जाईल आणि जास्त दिलं तर पुढची दोन-तीन वर्षं झाड खुरटेल. ज्यांनी दिलं त्यांची झाडं मी पाहिली आहेत, पालवी मुठीसारखी आखडलेली असते.

मोहोर फुटायच्या आधी पाणी देऊ नका, पालवी येईल. पाणी फळं वाटाण्याएवढी झाल्यावरच. भुरीसाठी पाण्यात विरघळणारं गंधक 80 टक्के, 10 लिटरला 20 ग्रॅम, किंवा हेक्झाकोनॅझोल 5 टक्के, 10 लिटरला 5 मिली. दोन्हीपैकी एकच. गंधक भर दुपारी मारू नका, मोहोर भाजतो. फुलं पूर्ण उमललेली असताना पंप हातात घेऊ नका.

प्रश्न, पेडण्यातील वायंगण शेतकरी: "तरवा (भाताची रोपं) पिवळा पडलाय, वाढ खुंटली. युरिया टाकू?"

टाकू नका. गारव्यात मुळं अन्न उचलत नाहीत, म्हणून रोप पिवळं दिसतं. युरिया तसाच पडून राहतो आणि ऊब आली की रोप एकदम हिरवंगार, लुसलुशीत होतं. त्यावर पहाटेचं दव पडलं की करपा ठरलेला. हे मी दर वर्षी बघतो आणि दर वर्षी तोच युरिया, तोच करपा.

करायचं ते साधं आहे. संध्याकाळी तरव्यात विहिरीचं पाणी घ्या, ते हवेपेक्षा ऊबदार असतं. सकाळी उन्हं वर आली की काढून टाका. चार-पाच दिवस हे करा, रोपं सावरतात. लावणीची घाई नको. एरवी तीन आठवड्यांत होणारा तरवा गारव्यात चार आठवडे घेतो. दिवस मोजू नका, पानं मोजा, चार-पाच पानं आली की लावा. पानावर दोन्ही टोकांना निमुळते, मधे राखाडी ठिपके दिसले तरच ट्रायसायक्लॅझोल 75 टक्के, 10 लिटरला 6 ग्रॅम.

प्रश्न, कलिंगड लावणारे: "बी उगवत नाही."

माती गार आहे. बी कोमट पाण्यात रात्रभर भिजवा, ओल्या गोणपाटात गुंडाळून मोड आणा, मग लावा. दुकानातून दुसरं महाग बी आणून उपयोग नाही, तेही त्याच मातीत पडणार.

मिरची, वांगी, अळसांदे (चवळी) यांना पाणी बुंध्याशी द्या, संध्याकाळी पानांवर शिंपू नका. भाजीवर मोनोक्रोटोफॉसला 2005 पासून बंदी आहे. तरीही लोक मागतात, म्हणून लिहावं लागतं.

आता आच्छादनाबद्दल. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगतो आणि पुढेही सांगत राहीन. काजूच्या आणि आंब्याच्या बुंध्याभोवतीची सुकी पानं जाळू नका. जिथे पडली तिथेच, खोडापासून हातभर अंतर सोडून, गोल पसरा. वीतभर थर हवा. रात्री माती गार पडत नाही, मार्च-एप्रिलच्या उन्हात ओल टिकते, आणि पावसात ती पानं कुजून खत होतात. भाजीच्या वाफ्यात भाताचा पेंढा घाला. एका झाडाला आच्छादन करून शेजारचं उघडं ठेवा आणि एप्रिलमध्ये दोन्हीच्या बुंध्याची माती हातात घेऊन बघा. गेल्या वर्षी धारबांदोड्यातल्या एका बागेत मीच करून बघितलं. आच्छादनाखाली गांडुळं होती, बाहेर ढेकूळ फुटत नव्हतं.

'थंडी आहे, थोडा धूर करूया' म्हणून बागेत पाला पेटवणाऱ्यांनी मार्च 2023 आठवावा. म्हादई अभयारण्यात आणि आजूबाजूच्या रानात किती दिवस आग धुमसत होती, हे सत्तरीतल्या माणसाला सांगायला नको. सुकलेल्या काजूच्या पानाला एक ठिणगी पुरते.

योजनांबद्दल थोडक्यात. नैसर्गिक आपत्तीने पीक गेलं तर शेतकरी आधार निधीचा अर्ज विभागीय कृषी कार्यालयात लगेच द्या, कृषी कार्ड आणि शेताचे फोटो सोबत आणा. तरवा पिवळा पडला म्हणून अर्ज करू नका, तो मंजूर होणार नाही. फवारणी पंपावर अनुदान आहे, पण पंप विकत घेण्याआधी कार्यालयात येऊन विचारा.

फवारणीचा प्रश्न घेऊन येताना तोडलेला शेंडा किंवा पान कागदात गुंडाळून आणा, प्लास्टिकच्या पिशवीत नको, घाम सुटून कुजतं. आणि दुकानदाराने दिलेली बाटलीही आणा, तिच्यावरचं लेबल आपण दोघं मिळून वाचू.