वाचकांचे प्रश्न : कॅडहेरिन का चिकटत नाही?

प्रश्न : एफआयटीसी हा चमकणारा रंग लावलेलं रिकॉम्बिनंट (प्रयोगशाळेत बनवलेलं) मानवी ई-कॅडहेरिन, म्हणजे पेशींना एकमेकींशी चिकटवणारं प्रथिन, एमसीएफ-७ या स्तनकर्करोगाच्या पेशींवर वापरलं. फ्लो सायटोमीटरवर (एकेका पेशीची चमक मोजणारं यंत्र) चमक कोऱ्या, म्हणजे प्रथिन न घातलेल्या पेशींइतकीच दिसते. पेशी भांड्यापासून ट्रिप्सिन (प्रथिनं कापणारं विकर) आणि ईडीटीएने (कॅल्शियम धरून ठेवणारं रसायन) सोडवल्या. बफर (आम्लता स्थिर ठेवणारं द्रावण) पीबीएसचा, म्हणजे फॉस्फेटयुक्त मिठाच्या पाण्याचा, त्यात १ टक्का बीएसए (गाईच्या रक्तातलं प्रथिन) आणि २ मिलिमोलर ईडीटीए. कुपी उघडली तेव्हा पूड ओलसर होती. प्रथिन खराब झालं का?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : पुडीच्या आधी बफर तपासा. कॅडहेरिनचे पेशीबाहेरचे पाच भाग कॅल्शियमच्या आधाराने ताठ राहतात. ईडीटीए ते कॅल्शियम ओढून घेतं आणि रेणू लुळा पडतो. शिवाय कॅल्शियम असेपर्यंत ई-कॅडहेरिन ट्रिप्सिनला दाद देत नाही, ते गेलं की त्याचे तुकडे होतात. म्हणजे पेशींवरचं कॅडहेरिन कापलं गेलं आणि तुम्ही घातलेलं निकामी झालं.

बफर असा करा : २० मिलिमोलर हेपेस (फॉस्फेट नसलेलं बफर रसायन), १५० मिलिमोलर सोडियम क्लोराइड, २ मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइड, १ टक्का बीएसए, पीएच ७.४. फॉस्फेट नको, त्यात कॅल्शियमचा साका बसू शकतो. पेशी सोडवायला ०.०१ टक्का ट्रिप्सिन घ्या, त्यात २ मिलिमोलर कॅल्शियम, ईडीटीए अजिबात नाही. आता पेशी एकमेकींना धरूनच सुटतील. पिपेटने हलक्या हाताने मोकळ्या करा, ४० मायक्रॉनच्या जाळीतून गाळा आणि बर्फावरच ठेवा.

एवढं करूनही चमक मंद राहील. कॅडहेरिनची आपसातली पकड मुळातच सैल, सुट्या रेणूचा वियोजन स्थिरांक (जितका मोठा, तितकी पकड सैल) १०० मायक्रोमोलरच्या आसपास. दोन धुण्यांत तो निघून जातो. म्हणून अनेक रेणू एकत्र पकडतील असं करा : एफसी (प्रतिपिंडाचा शेपटाकडचा भाग) जोडलेला जोडरेणू घ्या, किंवा प्रथिन सूक्ष्म मण्यांवर बसवून वापरा; आमच्या मते मणीच बरे. आणखी एक अडचण आहे. पकड होते ती प्रथिनाच्या साखळीतल्या दुसऱ्या क्रमांकाच्या ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लाने, आणि एफआयटीसी अमाइन गटांना चिकटतं. साखळीच्या पहिल्याच अमाइनला रंग लागला तर पकड बिघडते. म्हणून रंग शेपटाकडे लावलेलं प्रथिन मिळतं का, विक्रेत्याला विचारा.

पूड ओली झाली ती बहुधा आपल्या पावसाळी हवेमुळे. थंड कुपी उघडली की आत दव धरतं. उणे २० अंशांवरून काढल्यावर अर्धा तास बंदच ठेवा, क्षणभर सेंट्रिफ्यूज करा, मग कुपीसोबतच्या प्रमाणपत्रातल्या मापाने पाणी घाला. घुसळू नका, हलकेच फिरवा. १०-२० मायक्रोलिटरचे भाग करून फॉइलमध्ये उणे ८०ला ठेवा. आम्लात एफआयटीसी मंदावतं, तेव्हा पीएच ७च्या खाली जाऊ देऊ नका.

तुलनेसाठी ई-कॅडहेरिन नसलेल्या एमडीए-एमबी-२३१ पेशी घ्या. शिवाय एका नळीत ५ मिलिमोलर ईडीटीए घाला. तिथेही चमक तशीच राहिली, तर ती कॅडहेरिनची नाही.