मोबाईलमधलं कॉम्प्युटरवर कसं आणायचं? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

सांगली जिल्ह्यातून आलेल्या प्रश्नांमध्ये एक तक्रार सारखी दिसते. घरात लॅपटॉप आहे, दोन-तीन मोबाईल आहेत, प्रिंटर आहे, टीव्ही आहे; पण एकातलं दुसऱ्यात जात नाही. अशा वेळी मी आधी विचारतो, न्यायचंय काय आणि ते किती मोठं आहे? शिवाय ते दुसरीकडे नुसतं दिसायला हवं की तिथे कायमचं राहायला हवं? कोणती वायर आणि कोणतं अ‍ॅप, हे त्यावरच ठरतं.

फवारणीच्या नोंदी आणि बागेचे फोटो मोबाईलमध्ये आहेत, ते लॅपटॉपवर हवेत. वायर लावली की मोबाईल चार्ज होतो, पण लॅपटॉपवर काहीच दिसत नाही. मोबाईल बिघडलाय का?
*– द्राक्ष बागायतदार, तासगाव*

मोबाईल बहुतेक ठणठणीत आहे. अँड्रॉइड मोबाईलला वायर लावली की तो मुद्दाम फक्त चार्जिंग सुरू करतो. एसटी स्टँडवरच्या एखाद्या पोर्टला तुम्ही तो लावला, तर आतलं कुणाला दिसू नये म्हणून ही सोय आहे. तेव्हा वायर लावल्यावर मोबाईलचं लॉक उघडा आणि वरचा पडदा खाली ओढा. यूएसबीने चार्जिंग चालू असल्याची सूचना तिथे असते. तिच्यावर बोट ठेवा आणि 'फाईल ट्रान्सफर' निवडा. लॅपटॉपवर 'धिस पीसी'मध्ये मोबाईलचं नाव येईल. कॅमेऱ्याचे फोटो 'डीसीआयएम' नावाच्या फोल्डरमध्ये असतात.

सूचनाच येत नसेल तर वायर बदलून बघा. साध्या यूएसबी वायरीत चार तारा असतात, दोन विजेसाठी आणि दोन माहितीसाठी. स्वस्तातल्या किंवा एखाद्या वस्तूबरोबर फुकट आलेल्या कित्येक वायरींत विजेच्या दोनच तारा असतात. त्यातून चार्जिंग होतं, फोटो जात नाहीत. मोबाईलच्या खोक्यातून आलेली मूळ वायर शोधा आणि सापडली की तिला रंगीत चिकटपट्टी लावून ठेवा, म्हणजे घरातल्या वायरींच्या गुंत्यात ती लगेच ओळखू येईल.

आणखी एक. फोटो 'कट' करू नका, 'कॉपी' करा. निम्म्यात वायर हलली तर कट केलेल्या फायली दोन्हीकडून जाऊ शकतात. लॅपटॉपवर दोन-चार फोटो उघडून बघा, मगच मोबाईलमधले पुसा. फवारणीची नोंद हा निर्यातीच्या वेळी दाखवायचा कागद आहे, त्यात घाई नको.

सतारीचं व्हिडिओ रेकॉर्डिंग मोबाईलवर करतो आणि व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच पाठवून कॉम्प्युटरवर घेतो. परगावच्या गिऱ्हाइकाला जवारी, म्हणजे तारेचा गुंजणारा नाद, ऐकवायची असते, पण आवाज बोथट येतो. ब्लूटूथने पाठवायला गेलं तर संपतच नाही.
*– तंतुवाद्य कारागीर, मिरज*

हा प्रश्न वाचून फार बरं वाटलं. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ती कारागिरी दूरच्या माणसापर्यंत आता अशा रेकॉर्डिंगमधूनच पोचते, त्यामुळे तुमचा हट्ट अगदी योग्य आहे.

तुमचे कानही बरोबर सांगताहेत. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीच्या पद्धतीने व्हिडिओ पाठवला की त्याचा आकार कमी केला जातो आणि त्यात चित्राबरोबर आवाजातलंही काही जातं. अशा आकसण्यात आधी कापले जातात ते वरचे, बारीक स्वर. जवारीची सगळी जान तर त्यांच्यातच असते! व्हॉट्सअ‍ॅपच वापरायचं असेल तर जोडण्याच्या खुणेवर जाऊन 'डॉक्युमेंट' निवडा आणि रेकॉर्डिंग फाईल म्हणून पाठवा. तशी पाठवलेली फाईल आहे तशीच पोचते आणि २ जीबीपर्यंत चालते. गिऱ्हाइकालाही याच वाटेने पाठवा.

रोजच्या कामाला मात्र व्हॉट्सअ‍ॅपचा वळसा कशाला? मोबाईल आणि कॉम्प्युटर एकाच वायफायवर असतील तर 'लोकलसेंड' हे मोफत अ‍ॅप दोन्हीकडे टाका. दोन्ही यंत्रं एकमेकांना दिसू लागतात आणि फाईल घरातल्या घरात जाते. इंटरनेट बंद असलं तरी चालतं, डेटा खर्च होत नाही. अँड्रॉइडमधलं 'क्विक शेअर'ही चांगलं आहे, पण त्यासाठी विंडोजवर त्याचं अ‍ॅप वेगळं घ्यावं लागतं.

ब्लूटूथचं गणित असं की एका सेकंदाला साधारण दोन मेगाबिट जातात असं धरलं, तर १ जीबीचा व्हिडिओ जायला तासाहून जास्त वेळ लागतो. तुमचा मोबाईल किंवा कॉम्प्युटर मंद नाही, ब्लूटूथ अशा कामासाठी नाहीच. कीबोर्ड, माऊस, हेडफोन यांच्यासाठी ते उत्तम.

हेडफोनवरून आठवलं म्हणून सांगतो. जवारी तपासताना वायरचाच हेडफोन लावा. ब्लूटूथ हेडफोनकडे आवाज आकसूनच जातो. त्यातही कॉम्प्युटरवर व्हिडिओ कॉल सुरू झाला आणि हेडफोनचाच माईक चालू झाला, तर बहुतेक हेडफोन फोनवरच्या बोलण्यापुरत्या आवाजावर उतरतात. गिऱ्हाइकाशी कॉलवर असताना सतार अचानक डब्यातून वाजल्यासारखी वाटते ती यामुळे. त्या वेळी कॉलच्या सेटिंगमध्ये माईक म्हणून लॅपटॉपचा माईक निवडा.

मुलाने पाठवलेल्या आयफोनमधले फोटो विंडोजच्या लॅपटॉपवर घेतले, पण उघडत नाहीत. नावापुढे 'एचईआयसी' असं येतं.
*– निवृत्त बँक कर्मचारी, विश्रामबाग*

काका, फोटो खराब झालेले नाहीत. २०१७ पासून आयफोन या प्रकारात फोटो ठेवतो, कारण जागा कमी लागते. आयफोनच्या सेटिंग्जमध्ये 'फोटोज' उघडा (नव्या आयफोनमध्ये ते 'अ‍ॅप्स'च्या आत असतं) आणि अगदी खाली 'ट्रान्सफर टू मॅक ऑर पीसी'खाली 'ऑटोमॅटिक' करा. यापुढे वायरीने घेतलेले फोटो नेहमीच्या जेपीजी प्रकारात येतील. पहिल्यांदा वायर लावल्यावर आयफोन 'ट्रस्ट' विचारतो. लॅपटॉप घरचाच आहे, तेव्हा हो म्हणा.

सगळे फोटो गुगल फोटोजमध्ये आहेत म्हणून निर्धास्त होते. मोबाईलमध्ये जागा राहिली नाही म्हणून जुने फोटो पुसले, तर कॉम्प्युटरवर उघडलेल्या गुगल फोटोजमधूनही गेले. २०१९ च्या पुरात अल्बम गेले, आता हेही गेले. परत मिळतील का?
*– गृहिणी, सांगलीवाडी*

ताई, पुढचं वाचण्याआधी एक काम करा. गुगल फोटोज उघडून त्यातल्या 'ट्रॅश'मध्ये बघा. बॅकअप झालेला फोटो पुसल्यावर ६० दिवस तिथे राहतो. फोटो निवडा आणि 'रिस्टोअर' करा. हे आजच करा, उद्यावर नको.

आता झालं काय ते सांगतो. मोबाईलवर आणि कॉम्प्युटरवर तुम्हाला दिसत होते ते फोटो एकच. दोन स्वतंत्र प्रती नव्हत्या, दोन खिडक्यांतून दिसत होते. म्हणून एका ठिकाणी पुसले की दुसरीकडूनही गेले. यंत्रं अशी जोडून ठेवण्याला सिंक म्हणतात. सोय मोठी आहे, पण ती प्रत नव्हे. तुमची चूक सिंक तितक्याच इमानाने सगळीकडे पोचवतं. नुसती मोबाईलमधली जागा मोकळी करायची असेल तर त्याच अ‍ॅपमध्ये 'फ्री अप स्पेस' आहे, ते वापरा. बॅकअप झालेल्या फोटोंची मोबाईलमधली प्रत तेवढी जाते, खात्यातली राहते. शिवाय फुकट मिळणारी १५ जीबी जागा फोटो, जीमेल आणि ड्राइव्ह या तिघांत मिळून आहे, तीही कधीतरी भरतेच.

म्हणून खरी प्रत वेगळी करा. एक बाहेरची हार्ड डिस्क घ्या. मोबाईल वायरीने जोडून मोबाईलमध्ये आहेत ते फोटो लॅपटॉपमार्गे तिच्यावर कॉपी करा. फक्त गुगलच्या खात्यात उरलेले फोटो तिथून डाउनलोड करून घ्या. वर्षावार फोल्डर केले की पुरे. काम झालं की डिस्क काढून ठेवा. ती कायम जोडलेली राहिली तर लॅपटॉपला व्हायरस लागल्यावर तिलाही लागतो.

आणि सांगलीत राहणाऱ्यांनी याच्याही पुढचा विचार करायला हवा. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती. लॅपटॉप आणि हार्ड डिस्क एकाच कपाटात असतील तर दोन प्रती असूनही उपयोग नाही, पाणी दोन्हीला एकदम गाठतं. म्हणून दोन डिस्क करा. एक तुमच्या घरात, शक्य तितक्या उंचावर. दुसरी उंच भागात राहणाऱ्या बहिणीकडे किंवा भावाकडे. दिवाळीत आणि मृग लागण्याआधी जाणं होतंच, तेव्हा नवीन फोटो भरलेली डिस्क तिथे ठेवायची आणि तिथली घेऊन यायची. आधार, सातबारा, घराचे कागद यांचे स्कॅनही तिच्यात असू द्या. फक्त त्या फोल्डरला पासवर्ड घाला.

पुरात गेलेल्या अल्बमबद्दलही सांगतो. लग्नाचे, बारशाचे फोटो नातेवाइकांच्या अल्बममध्ये असतात. त्यांच्याकडे जाल तेव्हा खिडकीजवळच्या उजेडात, फ्लॅश बंद ठेवून, मोबाईलने त्यांचे फोटो घ्या. बरंच काही परत जमतं.

वसतिगृहात मोबाईलच्या हॉटस्पॉटवर लॅपटॉप चालवतो. रात्रीत दिवसाचा सगळा डेटा संपतो.
*– विद्यार्थी, मूळ गाव विटा*

विंडोज मागच्या मागे अपडेट उतरवत असतं. हॉटस्पॉटला जोडल्यावर लॅपटॉपच्या वायफाय सेटिंगमध्ये त्या नेटवर्कचे गुणधर्म उघडा आणि 'मीटर्ड कनेक्शन' चालू करा. मग बहुतेक मोठी अपडेट थांबून राहतात. वायर जवळ असेल तर हॉटस्पॉटऐवजी यूएसबी टेदरिंग, म्हणजे मोबाईलचं इंटरनेट वायरीतून लॅपटॉपला देण्याची सोय, वापरा, मोबाईल चार्जही होत राहतो. पण टेदरिंगने जोडलेलं नेटवर्क विंडोजला वेगळं वाटतं, त्यालाही मीटर्ड करायला विसरू नका.

अडत दुकानातल्या कॉम्प्युटरवर माझं व्हॉट्सअ‍ॅप चालतं, दिवाणजी त्यावरून पार्ट्यांना हळदीचे भाव पाठवतात. जुने दिवाणजी काम सोडून गेले. त्यांना अजून माझे मेसेज दिसत असतील का?
*– अडत व्यापारी, मार्केट यार्ड, सांगली*

दिसू शकतात. दिवाणजींनी स्वतःच्या घरच्या लॅपटॉपवरही ते एकदा जोडून घेतलं असेल, तर ते तिथे चालूच राहतं. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमध्ये 'लिंक्ड डिव्हाइसेस' उघडा. मोबाईलशिवाय आणखी चार यंत्रं जोडता येतात आणि तुमचा मोबाईल बंद असला तरी ती काही दिवस चालतात. ओळखीचं नाही ते प्रत्येक 'लॉग आउट' करा. शंका असेल तर सगळीच काढा आणि दुकानातला कॉम्प्युटर नव्याने जोडा, दोन मिनिटांचं काम आहे. झेरॉक्सच्या दुकानात प्रिंटसाठी व्हॉट्सअ‍ॅप उघडलं असेल, तर तेही या यादीत दिसेल.

भाव आणि हिशेब वैयक्तिक खात्यावर चालू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. दुकानासाठी वेगळा नंबर आणि व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस घ्या. माणूस बदलला तरी तुमच्या घरच्या गप्पा त्याच्यासमोर राहणार नाहीत.

दिवाणजींना एक ताकीद जरूर द्या. 'बँकेतून बोलतोय, हे अ‍ॅप टाका, मी तुमचा स्क्रीन बघून दुरुस्त करतो' असा फोन आला तर तो तिथेच ठेवायचा. स्क्रीन दाखवला की ओटीपीही दाखवला. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम अडवण्याची शक्यता जास्त.

नवा राऊटर घेतल्यापासून प्रिंटर वायफायला लागत नाही. मोबाईल, लॅपटॉप लागतात.
*– स्टेशनरी दुकानदार, कुपवाड*

राऊटर दोन लहरींवर वायफाय देतो, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. बऱ्याच प्रिंटरना फक्त २.४ कळते. राऊटरच्या सेटिंगमध्ये दोन्हींना वेगळी नावं द्या आणि प्रिंटर २.४ च्या नावावर जोडा. मोबाईल ५ वर असला तरी प्रिंट निघते, कारण राऊटर एकच आहे. फक्त कुठलंही यंत्र 'गेस्ट' नावाच्या वायफायवर नको, तिथली यंत्रं सहसा घरच्या प्रिंटरपर्यंत पोचू शकत नाहीत.

शाळेतल्या टीव्हीला लॅपटॉप एचडीएमआयने जोडला. चित्र येतं, आवाज लॅपटॉपमधूनच येतो.
*– शिक्षिका, कवठेमहांकाळ तालुका*

एचडीएमआय वायरीतून आवाजही जातो, फक्त लॅपटॉपला सांगावं लागतं. खाली उजवीकडे स्पीकरच्या खुणेवर जाऊन आवाजाच्या यादीत टीव्हीचं नाव निवडा. चित्र कधी फक्त टीव्हीवर, कधी दोन्हीकडे हवं असेल तर विंडोजचं बटण आणि 'पी' एकत्र दाबा. टीव्ही जुना असेल आणि निळ्या व्हीजीए वायरीने जोडावा लागला, तर त्या वायरीतून आवाज जातच नाही. त्या वेळी लॅपटॉपच्या हेडफोनच्या छिद्रातून टीव्हीला किंवा स्पीकरला वेगळी ऑडिओ वायर लावा.