'पीताभ' की फ्लॅव्होनॉइड?

ऐरोलीच्या एका फार्मसीच्या विद्यार्थिनीने विचारलंय: प्रकल्पाच्या मराठी सारांशात 'वनस्पतींतील जैवसक्रिय पीताभ संयुगांची औषधी क्षमता' असं लिहिलं तर चालेल का?

फ्लॅव्होनॉइड या वनस्पतींतल्या संयुगांच्या कुळासाठी 'पीताभ' तुम्ही विचार करून घडवलाय, हे दिसतं. लॅटिनमध्ये 'फ्लाव्हुस' म्हणजे पिवळा, आणि ग्रीकमधून आलेला '-ऑइड' म्हणजे सारखा. आपला 'आभ' तेच काम करतो. व्युत्पत्ती चोख बसते, अर्थ बसत नाही. या कुळातली कितीतरी द्रव्यं रंगहीन आहेत. कोकमाला लाल आणि जांभळाला जांभळा रंग देणारी अँथोसायनिनंही याच कुळातली. 'जांभळातलं पीताभ' वाचून कोणीही अडखळेल. नाव रंगावरून पडलं असलं तरी आज ते रेणूचा सांगाडा सांगतं: दोन बेंझिन वलयं (प्रत्येकी 6 कार्बनचं कडं) आणि त्यांना जोडणारे 3 कार्बन, एकूण 15. म्हणून मी फ्लॅव्होनॉइडच ठेवेन.

परका शब्द घेतला म्हणून हळहळू नका. याच कुळात आपलेही शब्द जगभर गेलेत. करंजाच्या बियांतलं ते करंजीन. ठाण्यात रस्त्याकडेला सावली धरतो तोच हा करंज. ग्रेपफ्रूटला कडूपणा देणारं नारिंजिन, त्याच्या मुळाशी नारिंग. (सतापीवरूनही एक नाव पडलंय, पण ते तिच्या लॅटिन नावावरून: रुटिन.)

'जैवसक्रिय' उत्तम. 'औषधी क्षमता' मात्र बदलाच. क्षमता म्हणजे अंगी असलेलं बळ. वाचणारा समजतो, औषध तयार आहे. कांद्यातलं क्वेर्सेटिन हे फ्लॅव्होनॉइड परीक्षानळीतल्या पेशींवर परिणाम दाखवतं, पण पोटात घेतलं की थोडंच शोषलं जातं आणि त्याचंही आतड्यात-यकृतात रूप पालटतं. ठाण्याच्या चेकनाक्यापलीकडे, मुलुंडला हेक्स्ट या औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत सह्याद्रीतल्या एका झाडापासून रोहितुकीन हे द्रव्य मिळालं. (हे नावही आपल्या रोहितक या झाडाच्या नावावरून आलेलं.) त्याच्या रचनेवरून फ्लॅव्होपिरिडॉल हा कृत्रिम फ्लॅव्होन (फ्लॅव्होनॉइडांचाच एक प्रकार) घडवला, आणि तो रक्ताच्या कर्करोगावरच्या मानवी चाचण्यांपर्यंत पोहोचला. झाडातलं द्रव्य आणि औषध यांच्यात एवढी वाट असते. तिला 'शक्यता' हाच शब्द शोभतो.

तेव्हा लिहा: 'वनस्पतींतील जैवसक्रिय फ्लॅव्होनॉइडे आणि त्यांपासून औषध घडण्याची शक्यता'. अनेकवचन 'फ्लॅव्होनॉइड्स' नको. लिहिताना फ्लॅव्होनॉइडे, बोलताना फ्लॅव्होनॉइडं.