पुण्यातली थंडी आणि तान्ह्याची अंघोळ

पुण्याची थंडी फसवी. डिसेंबरात पहाटे पारा १०-१२ अंशांवर, दुपारी २८-२९. त्यामुळे सकाळी सातलाच अंघोळ उरकायचा हट्ट सोडा. अकराच्या सुमारास, घरात ऊन आल्यावर घाला.

पंचा, लंगोट, झबलं आधी हाताशी ठेवा. ओल्या बाळाला धरून कपाट उघडत बसलात की ते गारठलंच. तेलाची वाटी गरम पाण्यात ठेवून कोमट करा, थेट गॅसवर नको. नाका-कानात तेल घालू नका, घरातलं कुणी कितीही सांगो. बादलीत आधी गार पाणी, मग गरम. ढवळून कोपर बुडवा. नुसतं कोमट लागलं पाहिजे. तळव्यावर भरवसा नको, त्याला चटक्यांची सवय असते. पाच-सात मिनिटं पुरे. डाळीच्या पिठाने खसाखसा घासू नका, कातडी आधीच कोरडी असते. टिपून घ्या आणि अंग किंचित ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावा.

गॅस गीझर बाथरूमच्या आतच असेल तर जरा थांबा. दार-खिडकी बंद असताना तो चालला की कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू साठतो, आणि त्याला वास नसतो. बादल्या भरा, गीझर बंद करा, हवा खेळू द्या, मगच बाळाला आत न्या. धुरी तर नकोच.

कपडे आपल्यापेक्षा एक थर जास्त. हात-पाय गार लागणारच. मानेमागे हात लावून बघा. घाम असेल तर स्वेटर उतरवा. झोपवताना टोपडंसुद्धा काढा, बाळाची जास्तीची उष्णता बरीचशी डोक्यातून बाहेर पडते.