प्रश्न : गावाला प्राथमिक आरोग्य केंद्र असल्याने लोकांचं आरोग्य खरंच सुधारतं, की तिथे फक्त गोळ्या मिळतात?

हो, सुधारतं, आणि त्यातलं निम्मं काम केंद्राबाहेर, लोकांच्या ओट्यावर होतं. सातपुड्याच्या पायथ्याला काही वर्षं आरोग्यसेवक होतो, त्यावरून सांगतो. दवाखान्यात पाय ठेवतो तो आजारी माणूस. केंद्राच्या रजिस्टरमध्ये मात्र सगळं गाव असतं. दवाखान्यात बाळंतपण झालं तरी आशाताई, म्हणजे गावातलीच आरोग्य कार्यकर्ती, ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी जाते, बाळाला झोळीच्या काट्यात घालून वजन घेते, अंग गार पडलंय का ते हात लावून बघते. बाळ दूध ओढत नाही हे सासूच्या आधी तिला कळतं. धडगाव-अक्कलकुवा पट्ट्यात सिकलसेलचंही तसंच; हा आई-बापाकडून मुलांत येणारा रक्ताचा आजार. बोटातल्या थेंबभर रक्ताची चाचणी लग्नाआधी झाली तर उपयोग, कारण नवरा-बायको दोघं वाहक असतील, म्हणजे स्वतः आजारी नसले तरी आजाराचा दोष रक्तात असेल, तर प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के. खाजगी डॉक्टर हे सांगायला पाड्यावर कशाला येईल?

पण नुसत्या इमारतीने काही होत नाही. निकष सपाटीवर ३०,००० आणि आदिवासी-डोंगराळ भागात २०,००० लोकांमागे एक केंद्र असा आहे; तोरणमाळकडच्या डोंगरात २०,००० लोक म्हणजे किती पाडे, ते चालून बघा. नर्सबाईंची जागा रिकामी असेल आणि पावसाळ्यात पेशंट झोळीतून खाली आणावा लागत असेल, तर कागदावरचं केंद्र कागदावरच राहतं.