डब्याची चूल एवढा धूर का करते?

प्रश्न : आमचा ग्रुप दर थंडीत ट्रेकला जातो. रेल्वेत गॅसचा सिलिंडर नेता येत नाही म्हणून मिल्क पावडरच्या रिकाम्या डब्याला खाली भोकं पाडून छोटी चूल केली, पण नुसती धुमसते, सगळ्यांच्या डोळ्यांतून पाणी, पातेलं काळंकुट्ट आणि चहाला उकळी येईपर्यंत सगळे वैतागले. काय चुकतंय? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : धूर म्हणजे न जळलेलं सरपणच हो. लाकूड तापलं की त्यातून गॅस बाहेर पडतो आणि त्याला जळायला वरच्या बाजूला गरम हवा लागते, ती तुमच्या डब्यात पोचतच नाहीये. खालच्या भोकांतून आलेली हवा निखाऱ्यातच संपते आणि वर पातेलं बहुतेक थेट काठावर ठेवलेलं असणार, म्हणजे जाळ कोंडला. भांडं काठापासून चारेक सेंटिमीटर तरी उचलून ठेवा, एवढ्यानेसुद्धा बराच फरक पडेल.

पण खरा उपाय म्हणजे डब्यात डबा. मिल्क पावडरचा डबा बाहेर, रसगुल्ल्याचा एक किलोचा डबा आत. दोन्हीच्या मध्ये चारी बाजूंनी बोटभर फट राहिली पाहिजे आणि आतला डबा उंचीला दोन-तीन सेंटिमीटर कमी हवा. मोठा डबा उलटा करा, त्याचं बूड आता वर आलं, त्यात छोट्या डब्याच्या मापाचं गोल भोक कापा पण किंचित कमीच कापा, म्हणजे छोटा डबा वरून दाबून घातला की त्याचा काठ तिथे अडकून घट्ट बसतो. हातात जाड ग्लोव्हज घाला, कापलेला पत्रा फार वाईट लागतो.

आता भोकं. बाहेरच्या डब्याला जमिनीलगत मोठी मोठी, अंगठा जाईल एवढी. आतल्या डब्याच्या बुडाची चाळण करा. आणि सगळ्यात महत्त्वाची म्हणजे आतल्या डब्याला काठाखाली दोन सेंटिमीटरवर गोल फिरून वीसेक भोकं, साधारण 6 मिलिमीटरची. ही रांग विसरलात तर दोन डब्यांचा काही उपयोग नाही! दोन पत्र्यांमधून हवा तापत वर चढते आणि या भोकांतून आत शिरते, तिथे धूर पेट घेतो. ड्रिल नसेल तर खिळा-हातोडीने होतं, फक्त पत्रा चेपतो, म्हणून डब्यात पाणी भरून फ्रीजरमध्ये बर्फ करा आणि मग ठोका, आकार जात नाही.

पेटवायचीही रीत वेगळी आहे. बोटाएवढ्या जाडीच्या काटक्या वरच्या भोकांच्या खालपर्यंतच भरा आणि वरून पेटवा, खालून नाही. वर कापराच्या एक-दोन वड्या आणि बारीक काड्या ठेवल्या की रॉकेल वगैरे काही लागत नाही. सुरुवातीला थोडा धूर होईल, होऊ द्या, मग वरच्या भोकांतून जाळ आत फुटताना दिसायला लागतो, गॅसच्या बर्नरसारखा, आणि धूर जवळजवळ थांबतो. तेव्हाच पातेलं चढवा. नंतर सरपण घालायचं ते दोन-दोन काटक्या करून, एकदम मूठभर कोंबलं की परत धूर. काटकी मोडताना काटकन आवाज आला नाही तर ती ओली आहे, बाजूला ठेवा. बाभळीचा निखारा टिकतो, कारवी भुर्रकन जळून जाते, दोन्ही मिसळून वापरा, पण खाली पडलेलंच उचला, तोडू नका. आणि पातेल्याच्या बुडाला बाहेरून राखेचा ओला लेप लावलात तर काजळी पाण्यासरशी निघते, आपल्या आज्या हेच करायच्या.

प्रश्न : जस्ताची जुनी बादली आहे, रंगाचा रिकामा डबाही आहे. त्यांची चूल केली तर चालेल का? (चिपळूण)

उत्तर : जस्ताची बादली अजिबात नको. जस्त 419 अंशांना वितळतं आणि जाळ त्याच्या कितीतरी वर जातो, तो धूर छातीत गेला की काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो. रंगाचा डबा चालेल, पण आधी अंगणात रिकामाच एकदा कडकडीत जाळून घ्या आणि त्या धुरापासून लांब उभे राहा. त्या पहिल्या जाळावर काहीही शिजवू नका.

प्रश्न : हरिश्चंद्रगडावर रात्री गार वारा असतो. गुहेत किंवा तंबूच्या तोंडाशी चूल पेटवली तर? (पुणे)

उत्तर : तंबूत नाही, तोंडाशीही नाही, गुहेतही नाही. नुसते निखारे उरले, धूर दिसत नाही, तेव्हाच कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू जास्त असतो आणि त्याला वास नसतो, झोपलेल्या माणसाला कळतही नाही. शिवाय हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो आणि राखीव जंगलात वनखात्याने मोकळीक दिल्याशिवाय विस्तव पेटवणं 1927 च्या वन कायद्याने गुन्हा आहे. दिवाळीनंतर गवत वाळतं, एक ठिणगी उडाली की आख्खा डोंगर पेटतो हो, त्यात पाखरांची घरटी जातात, गावकऱ्यांचा चारा जातो. तेव्हा चूल वापरायची ती पायथ्याच्या गावात, कुणाच्या तरी अंगणात विचारून, सपाट दगडावर, शेजारी पाण्याची बाटली ठेवून. गडावर जाताना डब्यात भाकरी-ठेचा न्या. आणि निघताना राखेत पाणी ओतून हात घालून बघा, कोमट लागली तर अजून ओता.