स्नॉर्कलिंग करताना प्रवाळातले मासे ओळखायला कसं शिकायचं?

तुम्ही लिहिलंय की मिरजेत राहता, पोहता येतं, डिसेंबरात घरच्यांसोबत अंदमानला निघालाय आणि तोवर माशांचं एखादं सचित्र पुस्तक पाठ करावं का. करू नका. मी केलं होतं. ‘पी हळद अन् हो गोरी’ हे सांगलीतसुद्धा चालत नाही, आणि इथं हळदीला काही तोटा नाही.

मी हळदीच्या अडतीत हिशेब लिहितो. पोहायला कृष्णेत शिकलो. (हल्ली मगरींच्या बातम्या वाचून पोरांना नदीवर पाठवायला जीव धजत नाही, ते सोडा.) समुद्रात पहिल्यांदा तोंड घातलं ते मालवणला, सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ. पुस्तकातली दोनशे चित्रं डोक्यात घेऊन उतरलो आणि वीस मिनिटांनी वर आलो. बोटीवरच्या पोरानं विचारलं, “काय काय दिसला, काका?” म्हटलं, एक पिवळट होता, अंगावर काळे पट्टे. “तसले पन्नास हत,” म्हणाला आणि हसायला लागला.

त्याचं बरोबर होतं. चूक माझी, मी रंग बघत बसलो होतो. आमच्या सौद्यात हळकुंड मोडून बघतात, नुसत्या वरच्या पॉलिशवर कुणी भाव करत नाही. माशांचंही तसंच, रंग सगळ्यात शेवटी बघायचा.

याची कारणं सांगतो. पाणी लाल रंग सगळ्यात आधी गिळतं. चार-पाच मीटर खाली गेलं की लालभडक मासा मातकट दिसायला लागतो, आणि पुस्तकातला फोटो मात्र फ्लॅश मारून काढलेला असतो. दुसरं म्हणजे, एकाच जातीचा मासा वयाप्रमाणे कपडे बदलतो. एम्परर एंजलफिशचं पिल्लू गडद निळं, त्यावर पांढरी गोल-गोल वलयं. मोठा झाला की अंगभर पिवळ्या आडव्या रेघा. दोघं शेजारी पोहत असले तरी एकच जात म्हणून तुम्ही मानणार नाही. पोपट माशात तर मातकट रंगाची मादी पुढे नर होते आणि हिरवी-निळी झगझगीत दिसायला लागते.

मग बघायचं काय? आकार आणि चाल. गल्लीत लांबून येणारा माणूस चेहरा दिसायच्या आधीच चालीवरून कळतो ना, तसं. पोपट मासा शेपटी फारशी हलवत नाही, छातीजवळचे पर वल्ह्यासारखे मारत जातो. ट्रिगरफिश वरचा आणि खालचा पर लाटेसारखा हलवत सरकतो. सर्जनफिशच्या शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना नस्तरासारखा काटा असतो, नावच त्यावरून पडलंय. बटरफ्लायफिश थालीपीठासारखा चपटा-गोल, बहुतेक वेळा जोडीनं फिरणारा, डोळ्यावरून काळी पट्टी गेलेली. एंजलफिश दिसायला त्याचाच भाऊ, पण त्याच्या कल्ल्याच्या झाकणावर मागे वळलेला काटा असतो, बटरफ्लायफिशला तो नसतो. आधी अशी सात-आठ घराणी ओळखा. जात कुठली, ते नंतर कळतं, आणि नाही कळलं तरी बिघडत नाही.

कानही उघडे ठेवा. पोपट माशाचे दात जुळून चोच झालेली असते. तिनं तो प्रवाळाचा खडक खरवडतो, आणि पाण्याखाली ते कुरुमकुरुम स्पष्ट ऐकू येतं. खडकाचा भुगा पोटातून जाऊन वाळू म्हणून बाहेर पडतो. बेटांवरच्या ज्या पांढऱ्या वाळूत आपण फोटो काढतो, तिचा चांगला मोठा वाटा या माशांच्या पोटातून आलेला असतो. बायकोला हे सांगितल्यावर तिनं चपला घातल्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं. माशाच्या मागे पोहू नका, मागे लागलात की नुसत्या शेपट्या दिसतील. एक मोठा प्रवाळाचा खडक धरा (हातानं नव्हे, नजरेनं) आणि त्याच्यावर अर्धा तास पालथे तरंगत राहा. लाईफ जॅकेटची लाज वाटू देऊ नका, उलट त्यानं स्थिर राहता येतं. दहा मिनिटांत मासे तुम्हाला ओंडका समजायला लागतात.

नशीब असेल तर त्या खडकावर ‘सफाई केंद्र’ सापडेल. बोटभर लांबीचा, अंगावर काळी आडवी पट्टी असलेला निळसर क्लीनर रास तिथं नाचल्यासारखा वरखाली करत असतो. मोठे मासे येऊन तोंड वासून, कल्ले फाकवून थांबतात. हा त्यांच्या अंगावरचे परजीवी टिपतो, खुशाल तोंडात शिरून बाहेर येतो. स्वारगेटला जाणाऱ्या पहाटेच्या गाडीआधी स्टँडजवळच्या सलूनमध्ये जशी माणसं बसतात, तसे गोबरे आणि तांबोश्या तिथं आपल्या पाळीची वाट बघतात. गंमत म्हणजे यातही बोगस असतो. ब्लेनी घराण्यातला एक मासा हुबेहूब तसाच रंग घेऊन, तसाच नाचून जवळ येतो आणि गिऱ्हाइकाच्या पराचा लचका तोडून पळतो. खऱ्याचं तोंड नाकासमोर, बोगसाचं हनुवटीखाली. रंगावर गेलात तर इथं तुम्हीही फसाल, ते मासे फसतात तसेच.

वर आल्यावर लगेच वहीत लिहा: आकार, शेपटी दुभंगलेली की गोल, तोंड कसं, वाळूवर होता की फटीत की मधल्या पाण्यात, एकटा की थव्यात, काय करत होता. मग रंग. मास्कमधून सगळं साधारण तिसऱ्या हिश्श्यानं मोठं दिसतं, तेव्हा लांबी लिहिताना हात आखडता घ्या. खोलीवर आल्यावर फिशबेस किंवा आयनॅचरलिस्ट या संकेतस्थळांवर ताडून बघा.

किरकोळ गोष्टी: मिशी असेल तर मास्कमध्ये पाणी येणारच, ठरवा काय ते. काचेला आतून थुंकी चोळून खंगाळली की वाफ धरत नाही. चष्मा असेल तर नंबरचा मास्क मिळतो. प्रवाळावर पाय टेकू नका, तो जिवंत असतो आणि त्यातच दगडासारखा दिसणारा विषारी स्टोनफिशही असू शकतो. मोठा टायटन ट्रिगरफिश अंगावर आला तर जवळपास त्याचं घरटं आहे समजा. त्याची हद्द नरसाळ्यासारखी वर रुंद होत जाते, म्हणून वर न जाता आडवं पोहून निघा.

अंदमानच्या आधी जमलं तर नोव्हेंबरात एकदा मालवणला जाऊन या, फोंडा घाटानं एका दिवसाचं काम आहे. १९८७ पासून मालवणचा समुद्र सागरी अभयारण्याचा भाग आहे. पाणी अंदमानइतकं नितळ नाही, जातीही कमी, पण नवशिक्याला तेच बरं. माझा तो पिवळट पट्टेवाला सार्जंट मेजर तिथं ढिगानं भेटेल. बोटवाले बिस्किटं टाकून त्यांना फोटोसाठी गोळा करतात, तेवढं मात्र ‘नको’ म्हणून सांगा. बिस्किटाला आलेला मासा त्याची रोजची चाल चालत नाही.

माझ्या वहीत अंदमानातल्या स्वराज द्वीपचा (पूर्वीचं हॅवलॉक) एक मासा अजून बिननावाचा आहे. वाळूतल्या बिळाच्या तोंडाशी बसलेला गोबी, पांढरट, गालावर नारिंगी ठिपके. त्याच बिळात एक कोळंबी राहते, तिला धड दिसत नाही. ती बीळ उपसत असताना एक मिशी सतत त्याच्या अंगाला लावून ठेवते, आणि तो शेपटी थरथरवून धोका कळवतो. मी जरा पुढे सरकलो आणि दोघंही आत गेले. तुम्हाला दिसला तर पाठीवरचा पर कसा आहे तेवढं बघून इथं लिहा.